सिगारेट सोडल्याच्या घोषणेत दुरुस्ती

मी सिगारेट सोडली त्या संध्याकाळी आमच्या विहारात साठ-सत्तर माणसांनी एका सुरात तीन वेळा ‘साधु’ म्हटलं. आमच्यात कुणी दान दिलं, चांगला संकल्प केला की असं म्हणतात. टाळ्यांपेक्षा हे भारी असतं. टाळ्या वाजवणारा दुसऱ्या मिनिटाला विसरतो. ‘साधु’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठून चौकशी करतो. मी हात जोडले, मान खाली घातली, आणि खाली घातलेल्या मानेनंच झब्ब्याच्या खिशात बघून घेतलं, तो निळा दिवा विझलाय की नाही. खिशात आंब्याच्या चवीची इलेक्ट्रॉनिक सिगारेट होती.

तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका सरकारी कचेरीत हेड क्लार्क, राहायला आंबिवली. मला दोन ठिकाणी मान होता. कचेरीत, ज्याच्या टिपणीत चूक सापडत नाही तो माणूस म्हणून. आणि आंबिवलीत, ग्रंथ वाचणारा म्हणून. पहिला मान मी मिळवलेला, दुसरा वडिलांकडून आलेला. साहजिकच दुसऱ्याचा मला जास्त गर्व होता.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी सात वाजता ग्रंथवाचन असतं. आधी वंदना, पंचशील, मग तासभर धम्माच्या ग्रंथाचं वाचन. विहाराची नुसती पत्र्याची शेड होती तेव्हा वडिलांनी हे सुरू केलं. ते गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी वाचत होतो. आवाज अगदी वडिलांचा आहे असं लोक म्हणायचे. मी त्यांना म्हणू द्यायचो.

आईला लिहिता-वाचता येत नाही. तो ग्रंथ तिनं जन्मभर फक्त ऐकलाय. आधी नवऱ्याच्या तोंडून, मग माझ्या. ऐंशीच्या आसपास असेल आता, गुडघे कामातून गेलेत, पण वाचनाला एक दिवस चुकवत नाही. माझा आवाज आहे म्हणून आईला ग्रंथ आहे, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत मी लोकांना ऐकवायचोही, विनयानं.

आता पंचशील घेणारा माणूस सिगारेट कशी ओढतो, असं विचारणारे शहाणे प्रत्येक वस्तीत असतात. त्यांच्यासाठी माझं उत्तर तयार होतं. पाचव्या शीलात मद्य आहे, मादक पदार्थ आहेत. सिगारेटनं कुणी झिंगलेला मी तरी पाहिला नाही. तीस वर्षं शासकीय परिपत्रकं वाचून काढलेल्या माणसाला पळवाट शोधायला शिकवावं लागत नाही. दिवसाला दहा. आठ कचेरीच्या जिन्यात, एक सकाळी घरामागे, आणि एक वाचन संपल्या संपल्या, विहाराच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर. ही शेवटची सगळ्यात गोड. तिची वाट बघत मी दिवस काढायचो.

त्याच्या आदल्या वर्षावासात खोकला सुरू झाला. ओळ वाचायची, खोकायचं, ओळ वाचायची, खोकायचं. एकदा घरी येताना आई म्हणाली, “ग्रंथ वाचतोस का खोकतोस, ते एकदा ठरव.” आईचं बोलणं असं, एका वाक्यात माणसाला जागेवर बसवणारं. म्हटलं, पुढच्या वर्षावासाआधी सोडायची.

सोडायची म्हणजे कशी, तर माझ्या मेव्हण्यासारखी. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बाळकुमला एकविसाव्या मजल्यावर राहतो. तिथं खाली गेटवर तीन वेळा नाव सांगावं लागतं आणि वर गेल्यावर त्याच्या कंपनीच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. त्यानं वर्षभरापूर्वी सिगारेट सोडून ‘वेप’ घेतलेलं. आता नवीन धर्म स्वीकारलेल्या माणसासारखा तो दिसेल त्याला उपदेश करत होता.

“दाजी, सोडा ना हे कोळसा फुंकणं,” तो बाल्कनीत म्हणाला. “यात धूर नाही, नुसती वाफ. घशाला त्रास नाही, कपड्यांना वास नाही. मी बघा, एकदम फ्रेश!”

आणि तो फ्रेश माणूस खोकला. मी ऐकलं. पण ज्याला फसायचंच असतं त्याच्या कानात त्या वेळी कापूस असतो.

या वस्तूच्या विक्रीला आपल्या देशात बंदी आहे. म्हणजे बघा, जी सिगारेट माणसाला मारते असं तिच्याच पाकिटावर फोटोसकट छापलंय, ती प्रत्येक नाक्यावर राजरोस मिळते. आणि जी ‘निरुपद्रवी’ आहे असं मेव्हणा सांगतो, तिच्यासाठी मला ठाण्यात मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका गाळ्यात जाऊन, मेव्हण्यानं शिकवलेल्या सुरात “फळवाला माल आहे का” असं विचारावं लागलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी एक पेन्सिल घरी नेली नव्हती. त्या दिवशी कव्हरांच्या पिशवीत लपवून बंदी असलेला आंबा घेऊन आलो, आणि छाती अशी धडधडत होती की विचारू नका. ही धडधड भीतीची, असं मला वाटलं. ती पुढं कायमच राहणार होती.

तरीही हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं. माझी खरी चूक आषाढी पौर्णिमेला झाली. त्या दिवशी भंतेजी, म्हणजे भिक्खू, आलेले. वंदना झाल्यावर त्यांनी विचारलं, वर्षावासात कोण काय संकल्प करणार? माइक फिरू लागला. एका ताईंनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. एका काकांनी चहा सोडला, मग जरा विचार करून, फक्त संध्याकाळचा. माइक माझ्याकडे आला आणि सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. वाचणाऱ्यानं काहीतरी मोठं सोडलं पाहिजे, असं त्या बघण्यात होतं. आणि माझा तो प्रसिद्ध आवाज माझ्याही आधी बोलून गेला: “आजपासून मी सिगारेट सोडली.”

वाक्यात चूक काढून दाखवा. सिगारेट मी खरंच सोडली होती. बाकी काय धरलंय, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेली माहिती देऊ नये असा कचेरीतला पहिला धडा आहे. साधु, साधु, साधु. आईनंही हात जोडलेले मला दिसले.

दुसऱ्या दिवसापासून माझं शरीर माझ्याशी पत्रव्यवहार करू लागलं. पहिलं पत्र घशाचं. घसा असा कोरडा पडायचा की दर पाच मिनिटांनी पाणी. जिभेला आतून कुणीतरी टॉवेलनं पुसून काढलंय असं वाटायचं. मग खोकला. जो खोकला जावा म्हणून हा सगळा खटाटोप केला, तो गेला नाही. उलट नवा आला. आधीचा खोकला निदान ओला, ओळखीचा, घरातला होता. हा कोरडा होता आणि सुरू झाला की डोळ्यांतून पाणी काढूनच थांबायचा.

मी मेव्हण्याला फोन केला.

“पहिला आठवडा होतं दाजी. बॉडी ॲडजस्ट होते.”

“आणि चक्कर?”

“किती ओढता?”

हाच तर घोळ होता. सिगारेट संपते. चार-पाच मिनिटांत बोटापर्यंत येते, चटका देते, आणि तुम्हाला सांगते, बाबा रे, झालं, जा आता कामाला. हे यंत्र संपतच नाही. खिशातून काढलं, एक झुरका, परत खिशात. फाईल उघडली, एक झुरका. फाईल मिटली, एक झुरका. धूर नाही, वास नाही, मग जिन्यात जायची तरी काय गरज? दिवसाला दहा सिगारेटी ओढणारा माणूस दिवसभर एकच, न संपणारी, सिगारेट ओढू लागला. आठवड्याभरात डोकं सकाळपासून जड, पोटात ढवळणं, आणि जेवणानंतर उचक्या. दहीहंडीच्या आदल्या दिवशी टेंभी नाक्यावर ढोलांची तालीम चाललेली. मी खिडकीशी उभा राहून शिपायाला म्हटलं, “काय हा आवाज, छातीत बसतोय नुसता.” शिपाई म्हणाला, “साहेब, ढोल तर कधीचे थांबले.”

मग तोंड आलं. गालाच्या आत, जिभेखाली, बारीक बारीक फोड. सुकटीची चटणी समोर असून मी दहीभात खात होतो. चव तर गेलीच होती. जे काय खायचो त्याला मागून आंब्याचा वास यायचा. डाळीला आंबा, मटणाला आंबा, दात घासले तरी आंबा. बायकोला सगळं ठाऊक होतं. तिच्याच भावाची करणी. ती ताट वाढताना एवढंच म्हणायची, “आमरस हवाय का सोबत?”

मेव्हण्यानं फोनवर उपचार बदलला. “फ्लेवर चेंज करा दाजी. आंबा सगळ्यांना सूट नाही होत. पुदिना घ्या.” म्हणजे आंब्यानं झालेला आजार पुदिन्यानं जाणार. मी पुन्हा कव्हरांच्या गाळ्यात गेलो. पुदिन्यानं घसा असा सोलवटला की आंबा बरा होता असं वाटलं. पुदिन्याचा सल्ला देताना मेव्हणा फोनवर तीन वेळा खोकला होता, आणि म्हणाला होता, एसीचा त्रास.

पण घशापेक्षा माणसांचा त्रास जास्त होता. कारण माणसं चांगली होती. माझा घोगरा आवाज, लाल डोळे, उतरलेला चेहरा बघून सगळ्या आंबिवलीनं एकच निदान केलं: तीस वर्षांचं विष बाहेर पडतंय. किती सोसतोय बिचारा! कुणी अडुळशाचा काढा आणला, कुणी ज्येष्ठमधाची कांडी. एका मावशींनी आल्याचा रस मधात कालवून डबीत भरून दिला, आणि मी ती डबी घेतली, ज्या हाताला पुदिन्याचा वास येत होता त्याच हातानं. “हिंमत सोडू नको,” मावशी म्हणाल्या. मी मान हलवली. त्या क्षणी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी पाच मिनिटांनी मी घरामागे जाऊन झुरका घेतला.

रोज संध्याकाळी वाचनाआधी पंचशील मीच म्हणायचो, बाकीचे माझ्यामागून. ज्या पाचव्या शीलातून सिगारेट सोडवायला मी एवढी वकिली केली, त्यात माझं काही वाकडं झालं नव्हतं. फसलो चौथ्यात. मी खोटं बोलणार नाही, असं रोज सात वाजता माइकवरून सांगत होतो, आणि साठ माणसं ते माझ्यामागून म्हणत होती. चौथं शील आलं की नेमका खोकला यायचा. लोक थांबायचे. मावशी पाणी द्यायच्या.

आणि यात एक रिक्षावाला आला. आमच्याच वस्तीतला, चाळिशीचा, दिवसाला दोन पाकिटं ओढणारा. घोषणा झाल्याच्या आठवड्याभरानं घराच्या दारात उभा राहिला. “दादा, तुमचं बघून मी पण सोडली. सहा दिवस झाले.” त्याचे हात थरथरत होते. शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी, दर मिनिटाला चिमूटभर तोंडात. “कालपासून बायकोवर ओरडतोय, पॅसेंजरवर ओरडतोय. तुम्हाला पण होतं का असं?”

मला जे होत होतं ते वेगळ्याच कारणानं होत होतं. मी म्हणालो, “होतं.”

“मग तुम्ही काय करता?”

“सोसायचं,” मी म्हणालो. असं भारदस्त की मलाच पटलं. तो समाधानानं गेला. पुढं दर दोन-तीन दिवसांनी यायचा, माझ्याकडून एक-दोन वाक्यं घेऊन जायचा. जी माझ्याकडे नव्हतीच ती हिंमत मी त्याला वाटत होतो. त्याची सिगारेट मात्र खरोखर सुटत चालली होती. हात थरथरायचे थांबले. चेहऱ्यावर तुकतुकी आली. तो येताना दिसला की मला राग यायचा त्याचा.

श्रावण संपता संपता आवाज गेला. वाचन चालू असताना गेला. एका वाक्याच्या मध्यावर आधी फाटला, मग चिरकला, मग नुसतीच हवा. मी तोंड उघडतोय आणि माइकमधून दुसरं काही न येता फूफू येतंय. हॉलमध्ये कुणी हसलं नाही, हे आणखी वाईट. पुढच्या रांगेत अंगणवाडीच्या ताई बसल्या होत्या. पंचेचाळीसच्या असतील, रोज येणाऱ्या, कधी फार न बोलणाऱ्या. त्या उठल्या, माझ्यापुढचा ग्रंथ आपल्याकडे वळवला, बोट ठेवून ओळ शोधली आणि पुढं वाचायला लागल्या. मी बाजूला सरकलो. आईला आता ग्रंथ कोण ऐकवणार याचं वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला वाईट वाटलं ते त्या जागेवरून उठावं लागलं याचं.

दुसऱ्या दिवशी कल्याणला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात नळी घालून पडद्यावर माझा घसा मला दाखवला. लालभडक.

“काय ओढता?” डॉक्टरांनी विचारलं.

“सोडली,” मी कागदावर लिहिलं.

“ते नाही विचारलं. काय ओढता?”

मी खिशातून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी त्याचा वास घेऊन बघितला. “पुदिना,” म्हणाले, आणि मग बराच वेळ हात धुतले. “स्वरयंत्राला सूज आहे. सिगारेट बंद, हे पण बंद. दोन्ही. आणि एकवीस दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचं पण नाही.”

“एकाच्या ऐवजी दुसरं घेतलं तर कमी नुकसान ना?” मी लिहिलं. हेड क्लार्क शेवटचं अपील केल्याशिवाय उठत नाही.

“कमी की जास्त, ते मला माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुमचा घसा मात्र मला दिसतोय.”

यंत्र मी त्यांच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यानंतरचे दहा-बारा दिवस कसे गेले ते मला विचारू नका. रिक्षावाल्याला विचारा, त्याला सगळं पाठ होतं. आता मला खरोखर तेच होत होतं जे मी त्याला खोटंखोटं सांगत आलेलो. हात थरथरले. झोप उडाली. ओरडावंसं वाटे आणि ओरडायला मनाई.

आणि वस्तीनं याचाही अर्थ लावला. वाचणाऱ्या दादांनी मौन धरलंय. आधी सिगारेट सोडली, आता वाणीही सोडली! लोक वाटेत मला पाहून हात जोडू लागले. एक आजोबा नातवाला म्हणाले, “याला म्हणतात संकल्प.” मी मान हलवून नाही म्हणालो, तर त्यांना तो विनय वाटला. बोलणाऱ्या माणसाला लोकांनी एकदा चांगलं ठरवलं तर तो तोंडानं तरी आपली पत घालवू शकतो. मला तीही सोय उरली नव्हती.

मग तो रिक्षावाला आला, साठाव्या दिवशी. पेढे घेऊन. “दादा, तुम्ही नसता तर जमलं नसतं,” म्हणाला आणि वाकून माझ्या पाया पडायला लागला. आमच्यात पाया पडत नाहीत, तरी. मी त्याला धरून उभा केला आणि घरात जाऊन लिहायला बसलो. याच्यापुढं मला ते झेपेना.

तीस वर्षांच्या सवयीनं जे उतरलं ते असं: ‘प्रति, अध्यक्ष आणि सर्व उपासक-उपासिका. विषय: सिगारेट सोडल्याच्या घोषणेत दुरुस्ती करण्याबाबत. उपरोक्त विषयान्वये नम्र निवेदन की, आषाढी पौर्णिमेस मी केलेली घोषणा वस्तुस्थितीशी पूर्णतः सुसंगत नव्हती. सदर कालावधीत मी तत्सम पर्यायी साधनाचा वापर करीत होतो...’ दीड पान. खाली सही, तारीख. एकदा वाचून बघितलं. एकही चूक नव्हती, आणि कुणाला काही कळेल अशीही भीती नव्हती.

संध्याकाळी वंदना झाल्यावर मी तो कागद अंगणवाडीच्या ताईंच्या हातात दिला आणि माइककडे बोट केलं. ताईंनी आधी मनात वाचला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग मोठ्यानं वाचायला लागल्या. ‘वस्तुस्थितीशी पूर्णतः सुसंगत नव्हती’ इथं त्या थांबल्या.

“हे असं वाचून मागं बसलेल्या आज्यांना नाही कळायचं,” त्या म्हणाल्या. कागद खाली ठेवला. “मी साधं सांगते. दादा म्हणतायत, ते खोटं बोलले. सिगारेट सोडली म्हणाले, पण गुपचूप विजेवरची ओढत होते, सेलवर चालते ती. तिच्यानं त्यांचा घसा गेला. मौनबिन काही नाही, डॉक्टरनी गप बसवलंय. त्यांना वाईट वाटतंय आणि ते माफी मागतायत.” मग मला विचारलं, “बरोबर ना दादा?”

दीड पानाचं काम त्यांनी पाच वाक्यांत उरकलं होतं. मी मान हलवली.

कुणी साधु म्हटलं नाही. मावशी माझ्याकडे बघत होत्या आणि बहुतेक आल्याच्या रसाचा विचार करत होत्या. ताईंनी ग्रंथ उघडला आणि कालचं पान काढून वाचायला लागल्या. तासभर मी भिंतीशी बसून होतो. कान तापले होते. ताई काय वाचत होत्या त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

बाहेर चपला घालताना रिक्षावाला शेजारी आला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

“दादा,” तो म्हणाला, “बरं झालं तुम्ही खोटं बोललात. खरं बोलला असतात तर मी पण ते मशीन घेतलं असतं ना.” त्यानं बडीशेपेची पुडी माझ्यापुढं केली. मी चिमूटभर घेतली.

आईला घेऊन मी घराकडे निघालो. ती माझ्या दंडाला धरून हळूहळू चालते. अर्ध्या वाटेपर्यंत मी शिव्या खायच्या तयारीनंच चालत होतो. वडिलांचं नाव घालवलंस, असं ती म्हणेल, मग मी मान खाली घालीन, असं सगळं मी मनात मांडून ठेवलेलं.

“ताई चांगलं वाचते रे,” आई म्हणाली.

मी मान हलवली.

“थांबून थांबून वाचते. अवघड आलं की सांगते. तुझा आवाज चांगला, तुझ्या बापाचा पण चांगला होता. पण तुम्ही दोघं पळवत नेता. तुझ्या बापाचं अर्धं लक्ष बिडीवर असायचं. तुझं त्या टपरीवर. पान संपलं की कधी एकदा बाहेर जातो.” ती दम खायला थांबली. माझा दंड तिनं सोडला नव्हता. “मी बसायचे आपली, सगळे बसतात म्हणून. काय कळायचं नाही. मला वाटायचं, आपल्याला अक्षर नाही, आपल्या डोक्यातच जात नसेल. एवढी वर्षं असंच वाटायचं मला.”

मला बोलायची बंदी होती. वडिलांची चाळीस आणि माझी अकरा वर्षं ती आमच्यासमोर बसून स्वतःला अडाणी समजत राहिली, आणि आम्ही तिला ग्रंथ ऐकवतोय म्हणून छाती फुगवत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोकला नव्हता, तरी आलं.

आईनं ते बघितलं नाही, किंवा बघून सोडून दिलं. “चल,” ती म्हणाली. “आणि उद्या जरा लवकर निघू. मला तिच्या समोर बसायचंय.”